सहा नंबरची पिशवी

"तुझं नाक मरून राहिलं, पोरी," असं जनकाबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मितू दोन महिन्यांची होती, आणि शीतल हसली होती.

दोघी ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जनकाबाईंचं म्हणणं असं, की तू इथं नवी राहायला आलीस तेव्हा सकाळी नाकाला पदर लावल्याशिवाय दार उघडत नव्हतीस, आता उघड्या नाकानं अंगण झाडतेस. वास काही कमी झालेला नाही, तुझं नाकच गेलं. वास येतो तोवर माणसानं भिऊ नये, यायचा थांबला की भ्यावं. त्यावर शीतलनं त्यांना बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या शांत सुरात समजावलं, की आजी, नाक काही मरत नाही, त्याला सवय होते, सगळ्यांच्याच नाकाला होते. जनकाबाई "असंल माय" म्हणाल्या आणि शेंगांचं टोपलं त्यांनी पुढं सरकवलं. विषय तिथंच मिटला.

वास माणिकरावांच्या कोंबड्यांच्या शेडचा होता. कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे जाताना डाव्या हाताला एक गाडरस्ता उतरतो. त्या रस्त्यावर आधी शीतलचं घर लागतं, मग पाच-पाच हजार पक्षी मावतील अशी दोन लांबलचक शेडं, आणि शेडांच्या पलीकडे, ओढ्याच्या काठावर, जनकाबाईंचं दोन खणांचं घर. गाव तिथून दीड किलोमीटर. गावात विहाराच्या मागं प्रेमानंदचं जुनं घर होतं, पण ते थोरल्या भावाला पुरत नव्हतं, तेव्हा प्रेमानंदनं हौसेनं बांधावर स्लॅबचं घर बांधलं. खिडक्यांना निळा रंग स्वतः दिला. आणि रंग वाळतो न वाळतो तोच गुजरातेत सोलरच्या प्लांटवर नोकरी लागली म्हणून निघून गेला. घरात राहिल्या शीतल आणि मितू.

जनकाबाई शेळ्या हाकत इकडं आल्या तर दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा. नाहीतर संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर रेंज यायची तिथं बसून प्रेमानंदशी दहा मिनिटं बोलणं, तेवढंच. शेडावर माणसं होती, पण ती पक्ष्यांमागं. रस्त्यानं खाद्याचा टेम्पो गेला की शीतल उगीच दारात येऊन उभी राही.

बाकीचा वेळ ती मितूकडं बघत असे. मितू झोपली की तिच्या पोटावर नजर ठेवून एका मिनिटातले श्वास मोजायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा, अशी तिला सवयच लागली. मितूला खोकला होता. पावसाळ्यात सुरू झाला, आठ दिवस थांबायचा, परत यायचा. कळमनुरीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, वातावरण बदललं की लेकरांना होतं म्हणाले, औषध दिलं. औषधानं बरं वाटलं, मग परत. शीतलनं प्रेमानंदला सांगितलं की मला ह्या हवेचं भ्या वाटून राहिलं. तो दमून आलेला असायचा. "तुला खोकल्याचा त्रास न्हाई," तो म्हणाला, "तुला बी.एस्सी. झाल्याचा त्रास हाय."

माहेरी जाता आलं असतं. शिरड शहापूर काही लांब नाही. पण माहेरी भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं, आणि इकडं नवऱ्यानं हौसेनं बांधलेलं घर. नुसती भीती कडेवर घेऊन जायचं तर लोक म्हणणार, एकटीला राहवलं नाही. शीतलला काहीतरी हातात हवं होतं. घर सोडायला एक आकडा, नाहीतर निर्धास्त राहायला एक आकडा. कोणताही चालला असता.

म्हणून दिवाळी झाल्यावर रविंद्र सरांचा फोन आला तेव्हा तिला तो आपल्यासाठीच आल्यासारखा वाटला. सर हिंगोलीच्या कॉलेजात तिला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांना या भागातल्या हवेत नायट्रोजन किती मिसळतोय ते बघायचं होतं, म्हणजे विष्ठेतून उठणारा अमोनिया, युरिया, गाड्यांचा धूर, यांतून हवेत जातो तो. आणि ते मोजायला ते यंत्र नाही, शेवाळ लावणार होते. तळ्यातलं बुळबुळीत नव्हे. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखं बसतं ते. सह्याद्रीतल्या स्वच्छ डोंगरातून आणलेलं, धुतलेलं, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत मूठ-मूठ भरलेलं. सहा पिशव्या दहा आठवडे टांगून ठेवायच्या, मग तपासणीला पाठवायच्या. झाड जमिनीत मुळं घालून जेवतं, सर म्हणाले, याला तशी मुळंच नाहीत, हवा जे देईल ते हे अंगाला लावून घेतं. शीतलला हे परीक्षेपुरतं पाठ होतं. आता फोन कानाला लावून ऐकताना तिच्या मनात आलं, की याला सवय होत नाही. जे आलं ते याच्या अंगात राहतं.

पहिल्या तीन पिशव्या सरांच्या पोरांनी लावल्या: एक फाट्यावर ट्रक थांबतात तिथं, एक गावच्या शाळेत, एक लांब रानात, जिथं काहीच नाही. उरलेल्या तीन शीतलकडे आल्या. चौथी तिनं ओसरीच्या तोंडाशी, मितूच्या झोळीच्या वर टांगली. पाचवी शेडाच्या कुंपणाला बांधायची होती, पण माणिकरावांनी हात जोडले. काहीतरी हलणारं लटकलं की पक्षी दचकतात म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. "सगळ्या गावाला कोंबडी लागती, वहिनी," ते म्हणाले, "वास तेवढा कुणालाच नको." आणि मितूसाठी एक साफ केलेली कोंबडी पाठवून दिली. पाचवी पिशवी परत गेली. सहावी जनकाबाईंच्या दारापुढच्या बांबूला लागली.

सरांचा नियम एकच कडक होता. हिवाळ्यात शेवाळ फार वाळतं, तेव्हा दर तीन दिवसांनी त्यावर फवारा मारायचा, पण तो त्यांनी दिलेल्या कॅनमधल्या शुद्ध पाण्याचाच. हातपंपाचं नको, विहिरीचं नको, दुसरं कोणतंच नको.

"कोणतं पाणी हाय ते?" जनकाबाईंनी विचारलं.

गाडीच्या बॅटरीत घालतात ते, शीतलनं सांगितलं.

"मग गाडीला पाज. झाडाला काहून पाजून राहिली?"

शीतलनं एक वही केली. तारीख, सकाळचा वारा कुठून, धुकं होतं की नव्हतं, फवारा मारला का. वाऱ्याच्या रकान्यात रोज जवळपास तेच यायचं. हिवाळा होता, वारा तिच्या घराकडून शेडांवर आणि शेडांवरून ओढ्याकडे वाहायचा. ती ते लिहायची, पण वाचायची नाही. चार नंबरच्या पिशवीकडं बघत राहायची. वाळून तपकिरी झाली की जीव खाली-वर व्हायचा, मधूनच गडद हिरवी दिसली की बरं वाटायचं. ती मधूनच हिरवी का होते, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही.

डिसेंबरात एका धुक्याच्या सकाळी ती मितूला कडेवर घेऊन सहा नंबरला फवारा मारायला गेली. जनकाबाईंच्या दारातून धूर येत होता. आधी धूर दिसला, मग पाच-सहा पावलांवर करपल्याचा वास आला. आत गॅसवर पातेलं होतं, त्यातलं दूध जळून काळं ठिक्कर पडलेलं, आणि त्याच्यापासून दोन हातांवर जनकाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. शीतलनं गॅस बंद केला.

"आजी, दूध करपलं की सगळं."

"व्हय?" जनकाबाईंनी वळून पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते, कडा सुजलेल्या. "मला कुठं कळतंय ते. चार वर्सं झाली. शेड झालं तवा पयल्या वर्षी लई यायचा वास. मग कमी कमी येऊन राहिला. मग कशाचाच येईना. भाकर करपो न्हाईतर फुलं आणो."

"मला कधी बोलला नाहीत."

"बोलले होते की. तू हसली."

मितू खोकली. एकदाच, साधा खोकला, धुरामुळं असेल. पण तेवढ्यानं शीतलचं सगळं ध्यान तिकडं गेलं. लेकराच्या तोंडावर पदर घेऊन ती भराभरा घराकडे निघाली. फवारा मारायचाही राहिला. त्या रात्री कॅलेंडरात तिनं मितूचे श्वास दोनदा लिहिले. जनकाबाईंच्या डोळ्यांचं कुठंच लिहिलं नाही; त्याला रकाना नव्हता.

जानेवारीच्या शेवटी सरांची पोरं मोटारसायकलवर आली आणि पिशव्या काढून घेऊन गेली. फेब्रुवारीत फोन आला. रानातल्या पिशवीत शंभर भागांत एक भाग नायट्रोजन. शाळेत थोडा जास्त. फाट्यावर दीड. सहा नंबरला दोन. आणि चार नंबरला जवळजवळ तीन.

"एवढा मला कुठंच अपेक्षित नव्हता," सर म्हणाले. "पाणी कॅनमधलंच ना?"

"कॅनमधलंच, सर."

फोन ठेवल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. आपण उगीच घाबरत नव्हतो. जिन्यावर बसून तिनं प्रेमानंदला आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला की शिरडला जा, मी दादाला सांगतो घराकडं बघायला. त्याचा आवाज बारीक झाला होता. खिडक्यांचा निळा रंग त्याच्या डोळ्यांपुढं आला असणार.

दोन दिवसांत तिनं सामान बांधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सांगायला म्हणून ती मितूला घेऊन जनकाबाईंकडे गेली. त्या बाहेर बाजेवर बसून शेळीच्या पाठीवरच्या गोचिडी काढत होत्या. जायचं ठरलं ऐकून त्यांनी मान हलवली, चांगलं हाय म्हणाल्या, लेकरू आजोळी गुटगुटीत होतं. मग त्यांनी विचारलं, की ते हिरवं गेलं का हिंगोलीला? शीतल म्हणाली, गेलं, तपासूनही झालं.

"माझ्याच्यानं गेलं ते," जनकाबाई म्हणाल्या. "न्हाईतर तू वाळवून मारलं होतं."

"म्हणजे?"

"तू पोरीला घेऊन दवाखान्यात जायची, बाजाराला जायची, तवा मी येऊन पाणी घालायचे त्याला. बॅटरीचं पाणी पिऊन कोण जगतं, माय? शेळीच्या लेंड्या भिजवायच्या अन् वरचं पाणी घालायचं. मिरचीच्या रोपाला घालतो तसं. दुसऱ्या दिवशी कसं हिरवं व्हायचं, पाहिलं न्हाई का?"

पाहिलं होतं. शीतल बाजेच्या कडेला बसली. लेंड्यांचं पाणी म्हणजे नायट्रोजनच की. तीनचा आकडा हवेचा नव्हताच.

"आणि तुमच्या दारातल्याला?" तिनं विचारलं.

"ह्याला काहून घालू?"

"घातलं नाही?"

"न्हाई. लेकराच्या डोक्यावर वाळकं टांगू नाही. माझ्या डोक्यावर काय, वाळलं तर वाळलं."

सव्वा वर्षाची मितू खाली उतरून शेळीचा कान धरायला धावली. जनकाबाईंनी तिला उचलून घेतलं आणि हनुवटी धरून तिच्याशी काहीबाही बोलत राहिल्या. आपण काही बिघडवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. शीतलला रागावता आलं नाही. कुणावर रागावायचं? कुणीतरी तिच्या नकळत तिच्या दारी येऊन तिच्या लेकरासाठी पाणी घालून जात होतं, आणि ती इतके दिवस म्हणत होती की इथं आपलं कुणी नाही.

घरी येताना ती शेडांजवळ थांबली. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. सामान बांधलेलं होतं, नवरा तयार होता, माहेरी खोली रिकामी करून ठेवली होती. सांगितलं तर चार नंबर रद्द, आणि ती परत नुसती घाबरट. आतले पक्षी एकसुरात कलकलत होते. तिनं मुद्दाम खोल श्वास घेतला. काही म्हणजे काही वास आला नाही. डोळ्यांना मात्र बारीक चुरचुर लागली.

जिन्यावर चढून तिनं सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग चार नंबर काढून टाकावा लागेल म्हणाले. तिच्या घराच्या हवेबद्दल आता एवढंच सांगता येत होतं, की माहीत नाही. हिवाळ्यात वारा तिच्याकडून शेडांकडे जातो, पावसाळ्यात उलटा फिरेल. खरं मोजायचं तर तेव्हा मोजावं लागेल. तोवर थांबायचं की जायचं, ते शेवाळ सांगणार नाही.

"आणि सहा नंबर?" सरांनी विचारलं. "त्याला पण कुणी पाणी घातलं का?"

"नाही, सर. घातलं नाही."

"मग तो खरा आहे. दोन हा कमी आकडा नाही, शीतल. फाट्यापेक्षा वर आहे. तिथं कोण राहतं?"

"एक आजी आहेत."

"एकट्याच?"

"एकट्याच," ती म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं की दहा आठवड्यांच्या वहीत तिनं पानापानावर 'सहा' लिहिलं होतं, एकदाही 'जनकाबाई' लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी प्रेमानंदला तिनं खरं ते सांगितलं. आपल्या घराचा आकडा खोटा निघाला, आपल्याकडं दाखवायला काहीच नाही. तरी पावसाळ्यात वारा फिरायच्या आत मी लेकराला घेऊन जाणार.

"कागद न्हाई, तरी?" त्यानं विचारलं.

"न्हाई, तरी."

तो या वेळी तिच्या बी.एस्सी.वर काही बोलला नाही.

पण निघायचा दिवस तिनं आठ दिवस पुढं ढकलला. सहा नंबरचा आकडा एका कागदावर लिहून ती माणिकरावांकडे गेली. त्यांनी तो लांब धरून वाचला. जनकाबाई तर कधी काही बोलली नाही म्हणाले, मग पक्ष्यांखालचा भुसा लवकर बदलायचं कबूल केलं, चुना मारतो म्हणाले, बघू म्हणाले. जनकाबाईंच्या लेकीला, दिपाला, नांदेडला फोन केला. ती रडली, जयंतीला आले की नेते म्हणाली. दरवर्षीच ती जयंतीला यायची आणि दरवर्षी एकटीच परत जायची. शीतलनं जनकाबाईंनाही विचारलं, चला माझ्यासंगं शिरडला, चार महिने. त्यांनी शेळ्यांकडं बोट दाखवलं. मग घराकडं. हे घर त्यांच्या नवऱ्यानं, जळबांनी, दुसऱ्याच्या शेतात राबून उभं केलं होतं.

"तू लेकराला ने," त्या म्हणाल्या. "मला आता कशाचा वास येतो, की मी पळून जाऊ?"

शीतलनं त्यांचे डोळे थंड पाण्यानं धुऊन दिले. कळमनुरीहून आणलेलं औषध घातलं, बाटली उशाशी ठेवली, कधी घालायचं ते तीनदा सांगितलं. त्या प्रत्येक वेळी हो म्हणाल्या, आणि हो म्हणतात म्हणजे ऐकलं असं नाही, हे तिला ठाऊक होतं.

जायच्या दिवशी सकाळी मितू सामानावर बसून खेळत होती. बाहेर ऑटो येऊन थांबला होता. सरांनी कळवलं होतं की पुढच्या फेरीसाठी दुसऱ्या वर्षाचं कुणीतरी पोर दर पंधरा दिवसांनी हिंगोलीहून येईल, वही घरातच ठेव, दादांकडून घेतील. शीतलनं वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतरचं एक कोरं पान घेतलं आणि त्यावर रकाने न आखता लिहायला बसली. ऑटोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. तिनं लिहिलं ते असं:

"सहा नंबरची पिशवी बघायला जे कोणी याल, त्यांना. पिशवीकडं नंतर जा. आधी बाहेरून 'जनका आजी' म्हणून हाक मारा. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा ओ आली नाही तर पुन्हा मारा, आणि तरी आली नाही तर सरळ आत जा, परवानगीची वाट बघू नका. आत गेल्यावर गॅस बंद आहे का ते स्वतः बघा. त्यांना विचारू नका, वास येत नाही हे त्या लवकर कबूल करत नाहीत. डोळे बघा. लाल असले किंवा चिकटलेले असले तर औषध घाला, बाटली उशाशी आहे, आणि मला कळवा, नंबर खाली दिला आहे. खोकला आहे का विचारा. चहा करतील तो प्या, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही तिथं बसाल. पिशवीला त्या आता पाणी घालणार नाहीत, मी सांगितलं आहे, पण घातलंच तर रागावू नका, फक्त लिहून ठेवा. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही असं होऊ देऊ नका. पाऊस असला तरी या. गावातून येताना रस्त्यावर कोणी भेटलं आणि म्हणालं की त्या बऱ्या आहेत, कालच पाहिलं, तरी तेवढ्यावर परत फिरू नका. जाऊन बघा."